आधी कागद, मग कर्ज

 

आम्ही समन्वयक गावोगावच्या गटांत बसतो, रजिस्टर तपासतो. कर्ज मागणीच्या अर्जात 'कर्जाचं कारण' असा एक रकाना असतो. तिथं आपल्याकडची कारणं ठरलेली असायची. भाताचं बियाणं, खत, शाळेची फी, दवाखाना, शेळी, घराचे पत्रे, लग्न. आता त्यात एक नवं कारण दिसू लागलंय. 'मुलाला परदेशी पाठवायचं आहे.' कुणाचा दुबईला, कुणाचा जर्मनीला, कुणाचा कॅनडाला. मागणीही साधी नाही, एकदम दोन लाख, तीन लाख. गटानं अशा वेळी काय करावं, हे आज बोलायचं आहे.

परदेशी जाऊच नये, असं आम्ही म्हणत नाही. आपल्या रायगडला ते नवंही नाही. अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायली लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले आणि तिथंही घरात मराठी बोलत राहिले. म्हसळा, श्रीवर्धनकडची कितीतरी घरं आखातातल्या कमाईवर उभी आहेत. जाणाऱ्यानं जरूर जावं. पण जायला पात्रता लागते, आणि ती कशी मोजतात हे आईला माहीत असेल, तर घरची पोत मोडायची वेळ येत नाही.

एका गटात काय झालं ते सांगतो. नावगाव सांगत नाही. खालापूर तालुक्यातल्या आमच्या एका ताईंनी तीन लाखांचं कर्ज मागितलं. मुलगा आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड. वय २७. खोपोलीकडे एका ठेकेदाराकडे तीन वर्षं वायरिंगचं काम करत होता. एजंट म्हणाला, "जर्मनीचं काम करून देतो. निम्मे आधी द्या. आत्ता व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, तिथं गेल्यावर परमिट करून घेऊ."

त्या गटात १२ बायका. महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत, म्हणजे गटाचे महिन्याला २,४०० रुपये. तीन लाख म्हणजे त्या १२ जणींची दहा वर्षांहून जास्त काळाची बचत. व्याज शेकडा दोन धरलं, तर नुसतं व्याजच महिन्याला ६,००० रुपये. एवढी रक्कम गटाकडे नव्हतीच. बँकेच्या कर्जातून द्यायची म्हटलं, तर परतफेडीला बारा जणी बांधल्या जाणार. सभेत सगळ्या गप्प झाल्या. मग एका म्हाताऱ्या सदस्यांनी विचारलं, "पोरगा तिकडच्या लोकांना हवाय की नको, हे कुणी विचारलंय का?" खरा प्रश्न तोच होता. त्याचं उत्तर एजंट देऊ शकत नाही. ते उत्तर त्या देशाच्या नियमांत लिहिलेलं असतं.

बरेच देश गुण देऊन माणूस निवडतात. कॅनडानं ही पद्धत १९६७ मध्ये सुरू केली. तिथं कुशल कामगाराच्या एका योजनेत १०० पैकी ६७ गुण लागतात. भाषेला सगळ्यांत जास्त, २८. शिक्षणाला २५, कामाच्या अनुभवाला १५, वयाला १२. वय ३५ पर्यंत असेल तर वयाचे पूर्ण गुण, पुढे दर वर्षाला एक गुण कमी. ऑस्ट्रेलियात वय ४५ च्या आत हवं आणि किमान ६५ गुण हवेत. या यादीत एजंटाला किती पैसे दिले, याला एकही गुण नाही.

आता जर्मनीचं बघू, कारण आपल्याकडे सध्या त्याचीच चर्चा जास्त आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशी माणसं त्यांना हवी आहेत. त्याच वर्षी १ जूनपासून जर्मनीनं नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी एक कार्ड सुरू केलं. त्यातली एक वाट गुणांची आहे. त्यासाठी आपल्या सरकारनं मान्य केलेलं, किमान दोन वर्षांचं व्यवसाय शिक्षण किंवा पदवी लागते. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचा, तो या अटीत बसतो. वेल्डर किंवा शिवणकामाचा ट्रेड एक वर्षाचा, तो बसत नाही. फॉर्म भरायच्या आधी हे एवढं जरी पाहिलं, तरी निम्म्या घरांचे पैसे वाचतात. शिवाय जर्मन भाषेची पहिली पायरी किंवा चांगलं इंग्रजी लागतंच.

त्यानंतर सहा गुण जमवायचे. आपल्या ताईंच्या मुलाचा हिशेब आम्ही सभेतच वहीवर मांडला. वय ३५ च्या आत, दोन गुण. गेल्या पाच वर्षांत शिकलेल्याच कामाचा किमान दोन वर्षं अनुभव, दोन गुण. जर्मन भाषा ए२ पायरीपर्यंत आली तर एक गुण, बी१ पर्यंत आली तर दोन. म्हणजे बी१ केलं की दोन, दोन आणि दोन, सहा झाले. त्याचा व्यवसाय त्यांच्या टंचाईच्या यादीत असेल, तर आणखी एक.

ताईंचा चेहरा खुलला. पण आम्ही विचारलं, अनुभवाचा कागद कुठाय? मुलगा तीन वर्षं काम करत होता खरा. पगार मात्र रोख, शनिवारी हातात. हजेरी नाही, पगारपत्रक नाही, पीएफ नाही, ठेकेदाराचं पत्र नाही. कामानं हात तयार झाला, पण कागदावर तो तीन वर्षं घरी बसलेला. अनुभवाचे दोन गुण गेले. सहाचे चार झाले.

मैत्रिणींनो, ही एका मुलाची गोष्ट नाही. आपल्या तालुक्यांत फार्महाऊसवर स्वयंपाक करणाऱ्या, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, पोल्ट्रीत, नर्सरीत राबणाऱ्या किती बायका आहेत. दहा-दहा वर्षांचं कसब हातात आहे आणि कागद एकही नाही. म्हणून परदेशाचा विचार असो वा नसो, काम करताय तिथं तीन गोष्टी मागून घ्या. एक, पगार बँकेच्या खात्यात. दोन, कामाचं नाव आणि तारखा लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र. तीन, जमलं तर आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा देऊन सरकारी प्रमाणपत्र. कौशल्य विकास योजनेत तशी सोय आहे. दोन वर्षांच्या शिक्षणाची जागा हे प्रमाणपत्र घेत नाही, पण पनवेलला किंवा रसायनीला नोकरी मागतानाही ते उपयोगी पडतं.

गुणांनंतरही पैसे लागतात. या कार्डावर जाणाऱ्याला तिथं वर्षभर राहण्याइतके पैसे दाखवावे लागतात. महिन्याला साधारण अकराशे युरो, म्हणजे वर्षाचे आपले तेरा लाखांहून जास्त. म्हणून आपल्या घरांना परवडणारा रस्ता म्हणजे आधी नोकरीचं पत्र आणि मग त्या नोकरीचा व्हिसा. व्हिजिट व्हिसा पाहुण्यासाठी असतो. त्यावर काम केलं तर तो गुन्हा होतो. "तिथं गेल्यावर बघू" असं जो म्हणतो, त्याला तिथंच नमस्कार करून उठावं.

एजंटाबद्दल कायदा काय सांगतो तेही लिहून ठेवा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीला लावून देणाऱ्याकडे केंद्र सरकारची नोंदणी असावी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर आहे. असा एजंट उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त फी घेऊ शकत नाही, आणि पावती द्यावीच लागते. गावातला 'माझा माणूस आहे' म्हणणारा मधला माणूस या कायद्यात कुठंच बसत नाही. ज्याची दहावी झालेली नाही, त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद येते. त्याला आखातासह १८ देशांत कामाला जाताना सरकारची आधी परवानगी लागते आणि प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये, आणि संरक्षण दहा लाखांचं. ही परवानगी देणारं कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. कर्जत लोकलनं कुर्ल्याला उतरा, पुढे रिक्षा. तीन लाख देण्याआधी ही एक चक्कर माराच. आणि थायलंड, कंबोडिया, म्यानमारकडे 'कॉम्प्युटरवर बसून काम, पगार मोठा' असं सांगणारे फोन आले तर सावध राहा. तिथं नेऊन मुलांना डांबून ठेवलं, लोकांना फोनवर फसवायच्या कामाला लावलं, असे प्रकार झालेत. सरकारनं तसे इशारेही दिलेत.

आता मुलींबद्दल. परदेशाची गोष्ट निघाली की आपण मुलाचंच नाव घेतो. पण जगात मोठी मागणी आहे ती सेवा-शुश्रूषेला. जीएनएम नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स केलेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली मुलगी जर्मनीत जाऊ शकते. तिचं शिक्षण तिथं तपासून घेतात आणि भाषेची बहुतेक ठिकाणी बी२ पायरी लागते. जपाननं २०१९ पासून कुशल कामगारांचा वेगळा व्हिसा सुरू केला, आणि आपल्या देशाशी त्याचा करार २०२१ मध्ये झाला. त्यात वृद्धांची काळजी घेण्याचं काम आहे. पदवीची अट नाही. जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा पास व्हावी लागते. पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण घरच्यांना सोबत नेता येत नाही. हे मुलीला आधीच सांगा. पाच वर्षं कुणाचं लग्न, कुणाची तान्ही पोर, हे ठरवायचा हक्क तिचा आहे.

मुलींच्या बाबतीत एक अडचण आम्हाला वारंवार दिसते. दहावीच्या मार्कलिस्टवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. परदेशी कार्यालयाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्टही माहेरच्या नावानं राहू शकतो. जे नाव ठेवाल ते सगळीकडे एकच ठेवा.

काही ताई विचारतात, पापड-मसाल्याचा धंदा आहे, उद्योजक म्हणून जाता येईल का? उद्योजकाला विचारतात की धंदा किती वर्षं, उलाढाल किती, पैसा आला कुठून. याचं उत्तर वहीत हवं. उद्यम नोंदणी, अन्न परवान्याची नोंदणी, बँकेतून झालेली विक्री. आणि हे दरवाजे बंदही होतात. ऑस्ट्रेलियानं उद्योजकांची आपली योजना २०२४ मध्ये नव्या अर्जांना बंद केली. त्यासाठीच कुणी धंदा वाढवला असता, तर हाती काय राहिलं असतं? धंदाच ना? म्हणून नोंदी धंद्यासाठी ठेवा. परदेश लाभला तर लाभला.

त्या ताईंच्या गटानं शेवटी ठराव केला. एजंटाच्या फीसाठी कर्ज नाही. भाषेच्या वर्गासाठी, परीक्षेच्या फीसाठी, कागदपत्रांसाठी कर्ज द्यायचं, तेही पायरीपायरीनं. एका पायरीचा निकाल दाखवला की पुढचा हप्ता. ताई रागावल्या. "माझ्या पोराचं नशीब तुम्ही अडवताय," म्हणाल्या. दोन सभांना आल्या नाहीत. तिसऱ्या सभेला आल्या आणि भाषेच्या वर्गाचा अर्ज दिला. मुलगा आता दिवसा काम करतो, संध्याकाळी शिकतो. ए१ झालं, ए२ ला एकदा नापास झाला, पुन्हा बसतोय. नव्या ठिकाणी पगार खात्यात घेतो. जाईल की नाही, हे आम्हालाही सांगता येणार नाही. पण ताईंच्या गळ्यातली पोत गळ्यातच आहे, आणि गटातल्या बाकीच्या अकरा जणींच्या डोक्यावर बोजा नाही.

गटाची पंचसूत्री आपण रोज म्हणतो. नियमित सभा, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, आणि हिशेब लिहिणं. परदेशाच्या कामात यातलं शेवटचं सूत्र पहिलं येतं. पुढच्या सभेला येताना घरातल्या तरुण मुलामुलींची मार्कलिस्ट, आधार, बँकेचं पासबुक आणि कामाचं काही पत्र असेल तर ते, एका पिशवीत घालून आणा. नावं जुळतात का, तारखा जुळतात का, काय कमी आहे, ते सगळ्या मिळून पाहू. सचिवताईंनी यादी करून ठेवावी.