भीति आणि साधे शब्द

भुताची गोष्ट सांगणाऱ्या आजीजवळ वेळ भरपूर असे. जेवणें उरकलेलीं असत, कंदील बारीक केलेला असे, आणि ऐकणारीं मुलें पांघरुणांतून उठून जाण्याचा संभव नसे. आज भयपटाची कथा घेऊन निर्मात्याच्या दारीं जाणाऱ्या तरुण लेखकाचें भाग्य इतकें थोर नाहीं. त्याच्या हातीं एक कागद असतो. त्या कागदावर, बहुधा इंग्रजींत, त्यानें आपली सारी कथा दोनतीनशें शब्दांत मांडलेली असते. वाचणारा मनुष्य भर दुपारीं, लख्ख उजेडांत, पुढल्या कामाची घाई असतांना तो कागद उचलतो. तेथें त्याच्या मनाला थोडा गारठा जाणवला, तर चित्रपटाची गोष्ट पुढें चालते. न जाणवला, तर वर्षभर मनांत वाढविलेली कथा त्या टेबलावरच संपते.

चित्रपटाच्या धंद्यांत या कागदाला, आणि त्यांतील मजकूर तोंडीं सांगण्यालाहि, ‘पिच’ म्हणतात. मराठींत त्याला कथाटिपण म्हणावयास हरकत नाहीं. भयपटाचें असें टिपण, तेंहि लघुपटाचें आणि सोप्या इंग्रजींत, कसें लिहावें हा वरवर पाहतां धंद्यांतला एक किरकोळ प्रश्न आहे. परंतु त्याच्या मागें लागलें म्हणजे मनुष्याला भीति वाटते ती नेमकी कशाची, या पुष्कळ मोठ्या प्रश्नाशीं येऊन थांबावें लागतें.

नवशिक्या लेखकाची पहिली चूक ठरलेली आहे. तो विशेषणांवर भरंवसा ठेवतो. जे इंग्रजी भाषा पुस्तकांतून शिकले त्यांच्या हातून ती अधिकच होते. कारण शाळेंत भारदस्त शब्दाला गुण अधिक मिळालेले असतात. मग टिपणांत वाडा ‘भयाण’ असतो, किंकाळी ‘रक्त गोठविणारी’ असते, शेवट ‘थरकाप उडविणारा’ असतो. हे सारे शब्द वाचकाला काय वाटावें तें सांगतात. काय घडलें तें सांगत नाहींत. पंक्तीच्या आमंत्रणांत ‘अत्यंत रुचकर भोजन’ असें दहा वेळां छापलें तरी कोणाच्या तोंडाला पाणी सुटत नाहीं. ‘गरम पुरणपोळी व वर तूप’ एवढे शब्द पुरे होतात. भीतीचेंहि तसेंच आहे. तिचें नांव घेऊन ती येत नाहीं. तिचें कारण समोर ठेवावें लागतें.

हें कारण किती थोड्या सामग्रींत समोर ठेवतां येतें, याचा एक जुना दाखला आहे. १९४२ सालीं अमेरिकेंतील आर. के. ओ. या चित्रसंस्थेनें व्हाल ल्यूटन यांना स्वस्त भयपट काढणाऱ्या विभागाचे प्रमुख नेमलें. ल्यूटन हे १९०४ सालीं यॉल्टा येथें जन्मलेले, स्वतः लेखक, आणि डेव्हिड सेल्झनिक या विख्यात निर्मात्याच्या कचेरींत कथा पारखण्याचें काम केलेले गृहस्थ होते. संस्थेनें त्यांना तीन अटी घातल्या: प्रत्येक चित्रपटाचा खर्च १,५०,००० डॉलरांच्या आंत असावा, लांबी ७५ मिनिटांहून कमी असावी, आणि चित्रपटाचें नांव संस्था देईल तें असावें. पहिलें नांव हातीं आलें तें ‘कॅट पीपल’, म्हणजे मांजर-माणसें. एवढ्या नांवावर दुसऱ्या कोणीं एखाद्या नटाला केसाळ मुखवटा चढवून मोकळा केला असता.

ल्यूटन, पटकथाकार डेविट बोडीन व दिग्दर्शक झाक तुर्नर यांनीं निराळा मार्ग धरला. त्यांची नायिका आयरीना ही सर्बियांतून न्यूयॉर्कला आलेली, कपड्यांचीं चित्रें काढून पोट भरणारी एकाकी तरुणी आहे. आपल्या गांवच्या शापित वंशाचें रक्त आपल्या अंगांत आहे, आणि प्रेमाचा आवेग अनावर झाला कीं आपण हिंस्र श्वापद होऊं, अशी तिची समजूत आहे. ती प्रेमांत पडते, लग्न करते, आणि नवऱ्याला जवळ येऊं देण्याचें धैर्य तिला होत नाहीं. कथेंतील सारी भीति या एका पेचांत सांठलेली आहे. जें तिला सर्वांत अधिक हवें आहे, त्यानेंच सर्वनाश होणार आहे. हा पेच सांगावयास एकहि अवघड शब्द लागत नाहीं.

चित्रपटांत श्वापद फारसें दिसतहि नाहीं. नवऱ्याच्या कचेरींतील मैत्रीण ॲलिस रात्रीं सेंट्रल पार्कजवळच्या रस्त्यानें एकटी निघाली आहे. तिच्या मागें टाचांचा आवाज येत आहे. मध्येंच तो आवाज बंद होतो. ती घाबरून दिव्याच्या खांबाला धरून उभी राहते, आणि एकाएकीं फुत्कारासारखा कर्कश आवाज होतो. तो असतो थांबलेल्या बसगाडीचा! या प्रसंगावरून अशा फसव्या दचक्याला चित्रव्यवसायांत पुढें ‘ल्यूटन बस’ असें नांवच पडलें. दुसऱ्या एका प्रसंगीं तीच ॲलिस पोहण्याच्या हौदांत असतांना भिंतीवर सावल्या हलतात व गुरगुर ऐकूं येते. प्रेक्षक जें पाहत नाहीं तें तो स्वतःच्या मनानें भरून काढतो. आणि मनानें भरलेली आकृति रंगपेटींतील कोणत्याहि मुखवट्याहून भेसूर असते. हाच चित्रपट १९९३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदणींत जतन करण्यासाठीं निवडला गेला.

पेच ही कथाटिपणाची पहिली गरज झाली. दुसरी गरज नियमाची. भयकथेंतील संकट बेशिस्त असलें, म्हणजे तें वाटेल तेव्हां वाटेल तें करूं लागलें, कीं त्याची भीति उरत नाहीं. कारण सावध राहण्याला अर्थच राहत नाहीं. याचें अलीकडील उदाहरण म्हणजे ‘लाइट्स आउट’ हा स्वीडनमधील लघुपट. डेव्हिड सँडबर्ग यांनीं २०१३ सालीं तो राहत्या घरांत काढला. भूमिका त्यांची पत्नी लोटा लॉस्टेन हिची. लांबी तीन मिनिटांहून कमी. नियम एका वाक्याचा: दिवा मालवला कीं ती आकृति दिसते, दिवा लावला कीं ती नाहींशी होते. संवाद त्यांत जवळजवळ नाहींतच. परंतु हा नियम कोणत्याहि भाषेंत, कोणत्याहि देशांतल्या मनुष्याला तत्काळ समजतो, कारण निजण्यापूर्वीं दिव्याचें बटण दाबावें लागतें तें सर्वांनाच. या इवल्या चित्रावरून २०१६ सालीं पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला व तोहि सँडबर्ग यांनींच दिग्दर्शित केला.

महाराष्ट्राच्या मातींतलें उदाहरण पाहावयाचें तर २०१८ सालचा राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आहे. त्याचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीची आठवण देतें, आणि त्याच्या कल्पनेचें मूळ नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथेंत आहे. दृश्यांचें वैभव त्यांत मोठें आहे, तरी त्याचा गाभा दोन वाक्यांत मावतो. हस्तर या शापित देवाजवळ सोनें आहे, पण अन्न नाहीं. पिठाची बाहुली दाखवून त्याला भुलवावें आणि तो तिच्यावर झडप घालील तेवढ्या वेळांत त्याच्या कमरेच्या मोहरा लांबवाव्या. येथें नियम आहे. आणि नियमाच्या पोटांत पेचहि आहे, कारण एकदां मोहर मिळालेला मनुष्य पुन्हां त्या विवरांत उतरल्यावांचून राहत नाहीं. प्रेक्षकाला हस्तरापेक्षां अधिक भय वाटतें तें या हांवेचें, कारण ती त्याच्या ओळखीची असते.

आतां नमुन्यादाखल एक कल्पित टिपण घ्यावें. पांचसहा मिनिटांचा लघुपट आहे असें समजावें. इंग्रजींत लिहावयाचा मजकूर मराठींत सांगितला तर तो असा होईल:

“सुमति, वय ६२, निवृत्त शिक्षिका. ती एकटी राहते. मुलगा परदेशांत आहे. रोज रात्रीं नऊ वाजतां त्याचा फोन येतो. आज फोन चालूं असतांनाच दाराची घंटा वाजते. सुमति दाराच्या भिंगांतून पाहते. बाहेर तिचा मुलगा उभा आहे, हातांत प्रवासाची पिशवी आहे. तो म्हणतो, ‘आई, चुकलों. वर्षभर तुला एकदांहि फोन केला नाहीं.’ तिच्या हातांतल्या फोनमधून त्याच आवाजांत शब्द येतात, ‘आई, दार उघडूं नकोस.’ सुमति क्षणभर उभी राहते. मग ती दाराला आंतून दुसरी कडी घालते, खुर्चीवर बसते, फोन कानाला लावते आणि म्हणते, ‘हं, बोल.’”

या टिपणांत भुताचें नांव नाहीं, ‘भयानक’ हा शब्द नाहीं. एक घर, दोन नटमंडळी, एक दार व एक फोन एवढीच सामग्री आहे. निर्मात्याला खर्चाचा अंदाज टिपण वाचतांवाचतांच येतो. प्रत्येक वाक्यांत कॅमेऱ्याला दिसेल किंवा कानाला ऐकूं येईल असेंच कांहीं आहे. परंतु खरी भीति शेवटच्या दोन शब्दांत आहे. सुमति फसलेली नाहीं. दारांत कोण आहे हें तिला बहुधा कळलें आहे. तरी ती त्या आवाजाची निवड करते, कारण तो रोज आला, आणि मुलगा आला नाहीं. ज्या घरांतलीं मुलें दूर देशीं आहेत त्या घरांत हें टिपण कोणीं वाचलें, तर त्याला भुतापेक्षां भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहण्याची भीति वाटेल. पेच व नियम हे जेव्हां वाचकाच्या स्वतःच्या घरांतले निघतात, तेव्हां शब्दांना जोर आणावा लागत नाहीं.

सोप्या इंग्रजीचा आग्रह याच कारणासाठीं आहे. टिपण वाचणारे परीक्षक व निर्माते निरनिराळ्या देशांतले असतात. त्यांपैकीं अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. ज्या शब्दापाशीं वाचक अडखळला, त्या शब्दापाशीं भीति ओसरली. म्हणून वाक्यें लहान असावींत, क्रियापद वर्तमानकाळीं असावें, आणि एका वाक्यांत एकच गोष्ट घडावी. ‘एकाएकीं’ हा शब्द शक्यतों गाळावा. पुढचें वाक्य खरोखरच अनपेक्षित असेल तर त्याची वर्दी देण्याचें कारण नाहीं. पात्राचें नांव, वय व त्याला काय हवें आहे तें आरंभींच सांगावें. लिहून झाल्यावर सारें मोठ्यानें वाचून पाहावें; जेथें श्वास पुरत नाहीं तेथें वाक्य तोडावें. पाहतां पाहतां असें दिसून येईल कीं, अवघड शब्द काढल्यावर कांहीं टिपणांत मागें कांहींच उरत नाहीं. दोष तेव्हां भाषेचा नसतो. तेथें कथाच नव्हती, हें शब्दांच्या गर्दींत झांकलें गेलें होतें.

आणखी एक मोह टाळावा लागतो. पुष्कळ लेखक शेवट लपवून ठेवतात व ‘पुढें काय झालें तें पडद्यावर पाहा’ असें लिहून हात झाडतात. प्रेक्षकापासून शेवट लपविणें योग्य आहे. निर्मात्यापासून तो लपविणें म्हणजे घर विकत घेणाऱ्याला माजघर न दाखविण्यासारखें आहे. शेवट सांगितल्यानें ज्या कथेंतली भीति नाहींशी होते, ती भीति नव्हती. तें केवळ कुतूहल होतें. सुमति काय करणार हें ठाऊक असूनहि तिनें कडी घातलेली पाहतांना जर मन चरकलें, तर ती कथा टिकली.

आजीजवळ विशेषणें थोडीं होतीं. ‘विहिरीवर एक बाई बसली होती. तिचे पाय उलटे होते,’ एवढेंच ती सांगे आणि गप्प होई. त्या गप्प होण्यांत मुलांचें मन पुढचें काम करी. भयपटाचें टिपण लिहिणाऱ्यानें इंग्रजी कोणाकडूनहि शिकावें. वाक्य कोठें थांबवावें, एवढें मात्र त्यानें तिच्याकडून शिकलें पाहिजे.