कान्होपात्रेनं विचारलेला प्रश्न



मायबाप श्रोतेहो, आत्ता आपण कान्होपात्रेचा अभंग म्हटला. त्याच्या अर्थाकडे जायच्या आधी तिच्या चरित्रातल्या एका जागेवर मला थांबायचं आहे.

मंगळवेढ्याच्या शामा नायकिणीची ही मुलगी. पुढे बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, तिनं पांडुरंगाच्या पायांवर देह ठेवला, हा भाग तुम्हाला पाठ आहे. मी आज बादशहाकडे जाणारच नाही. मला त्याच्या आधीची जागा हवी आहे. दारावरून वारकरी चालले होते. हिनं विचारलं, कुठं निघालात? ते म्हणाले, पंढरीला. हिनं विचारलं, तुमचा तो देव मला पदरात घेईल का? आणि वारकरी म्हणाले, घेईल.

महिपतीबुवांच्या ग्रंथात ही कथा आहे. माउली, त्या ‘घेईल’ शब्दाकडे बघा. तो शब्द देवानं उच्चारलेला नाही. देव तर पंढरपुरात विटेवर. तो शब्द रस्त्यानं चालणाऱ्या, पायाला फोड आलेल्या माणसांनी उच्चारला. ‘तुझी आई कोण’ हे त्यांनी विचारलं नाही, ‘आमच्या महाराजांना विचारून सांगतो’ असंही म्हणाले नाहीत. ते ‘नाही’ म्हणाले असते, तर महाद्वाराच्या आतलं तरटीचं झाड आज आपण कुणाचं म्हणून दाखवलं असतं?

तोच प्रश्न आज तुमच्या-माझ्या दारात उभी राहून एक बाई विचारते आहे. व्यसनातून उठलेली बाई.

व्यसन शब्द काढला की पुरुषांच्या बाजूला खसखस पिकते आणि बायका पदर तोंडाला लावतात. त्या पदराआड काय आहे ते मलाही ठाऊक आहे, तुम्हालाही! तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळी दाताला लावायची. मिश्री. दाढ दुखत होती म्हणून सासूनं लावायला दिली आणि चाळीस वर्षं झाली, दाढ पडून गेली, डबी राहिली. पोटुशी बाई मिश्री लावते तेव्हा बाळाचं वजन कमी भरतं, हे डॉक्टर सांगतात. पण मिश्रीला आपण व्यसन म्हणतच नाही. दारूला म्हणतो. हातभट्टीवर काम करणारी, नवऱ्याबरोबर दोन घोट घेऊन अंगाचा ठणका मारणारी मजूर बाई आहे. शहरात चांगल्या घरातली, झोपेच्या गोळ्यांवर असलेली बाई आहे. ती तर कुणाला दिसतच नाही.

पुरुष दारू सोडून माळ घालतो तेव्हा आपण काय करतो? नारळ देतो, मारुतीच्या पारावर सत्कार करतो. चांगलं करतो. बाईनं सोडली तर सत्कार कुठून करणार? कारण ती पीत होती हेच घरानं लपवलेलं असतं. तिच्या सोडण्याला साक्षीदार नसतो.

आता एक गोष्ट रोखठोक सांगतो आणि ती माळकऱ्यानं सांगितलेलीच बरी. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला ‘चल, आज माळ घाल, उद्यापासून बंद’ असं परस्पर करू नका. अंगात मुरलेली दारू एकदम तोडली तर हातपाय कापतात, फिट येते, भ्रम होतो, भिंतीवर नसलेली जनावरं दिसतात. त्यात जीव जातो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे असतात. बाईचं शरीर तर आणखी नाजूक हिशोबाचं. तेवढ्याच दारूनं तिचं यकृत पुरुषापेक्षा लवकर खराब होतं. तेव्हा आधी दवाखाना, मग माळ. माळेचा यात काही अपमान होत नाही. ताप आल्यावर आपण एकादशी सोडून पेज पितोच की.

पुण्यात मुक्तांगण आहे. 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी हातभार लावला. हजारो घरं त्यानं सावरली. तिथं स्त्रियांसाठी वेगळा विभाग उभा राहिला, ‘निशिगंध’ त्याचं नाव, पण तो बरीच वर्षं उलटल्यावर. बाईचं व्यसन समाजाच्या ध्यानात यायलाच उशीर लागतो, त्याची ही खूण.

पण केंद्रात राहायचं किती? महिना, सव्वा महिना. आणि मग?

इथं माझा खरा विषय सुरू होतो. पुरुष केंद्रातून सुटतो तेव्हा फाटकाशी त्याची बायको उभी असते. पिशवी तिच्या हातात, भाडं तिच्या कनवटीला. बाई सुटते तेव्हा फाटकाशी कोण असतं? मी पाहिलेल्या एका बाईची हकीकत सांगतो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. सुटायच्या दिवशी नवरा आला नाही. सासरी फोन केला तर म्हणाले, पोरं आता आमच्याकडं रुळलीत, तू येऊ नको. भावाकडं गेली. भाऊ वाईट नव्हता हो. पण म्हणाला, ‘ताई, माझी पोरगी लग्नाची आहे. चार दिवस रहा.’ पाचव्या दिवशी ती एष्टी स्टँडवर होती. ज्या गल्लीत दारू मिळते ती गल्ली तिला ठाऊक होती आणि त्या गल्लीत तिला कुणी ‘येऊ नको’ म्हणणार नव्हतं. हे लक्षात घ्या माउली. गुत्त्याचं दार तिला कायम उघडं होतं.

तिला ओळखणाऱ्या भजनी मंडळातल्या एका बाईनं तिला पंढरपुरात एका मठात आणून सोडलं. तिथं दोन वयस्कर माळकरी बाया स्वयंपाकघर सांभाळायच्या. त्यांनी व्याख्यान दिलं नाही. पहाटे काकड्याला उठवायचं, मग भाकऱ्या, दुपारी पोथी, संध्याकाळी हरिपाठ, रात्री त्यांच्याच मधे अंथरूण. दिवसातला एक तास रिकामा ठेवला नाही. मजुरी तिच्याच नावानं पोस्टात. डॉक्टरांची तारीख आली की दोघींपैकी एक बरोबर जायची. आठव्या महिन्यात भाऊबीज आली, पोरं भेटायला येणार होती, आली नाहीत. त्या रात्री ती बाहेर गेली आणि पिऊन आली.

मठात कुजबुज झाली. काहीजण म्हणाले, माळ काढून घ्या. त्या दोघींतली थोरली म्हणाली, ‘दोरा तुटला तर मणी फेकून देतो का आपण?’ सकाळी तिला दवाखान्यात नेलं आणि परत आणलं. वळकटी होती त्याच जागेवर ठेवली होती. दोन वर्षं राहिली ती तिथं. आता स्वतःची खोली आहे, खानावळीला भाकऱ्या करून देते. थोरला मुलगा सुट्टीला येतो. धाकटी मुलगी अजून येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, हा योग एखादीला लाभला, सगळ्यांना कुठून आणायच्या अशा दोन बाया? तर ऐका, हेच काम दूरदेशी पद्धतशीर केलेलं आहे. अमेरिकेत टेनेसी प्रांतात नॅशव्हिल म्हणून शहर आहे. तिथं बेका स्टीव्हन्स नावाची बाई, ख्रिस्ती धर्माची उपदेशक, म्हणजे माझ्याच धंद्यातली! तिनं 1997 साली पाच बायांसाठी एक घर उघडलं. व्यसनातल्या, रस्त्यावरच्या, तुरुंगातून सुटलेल्या, देह विकावा लागलेल्या बाया. नियम काय? दोन वर्षं राहायचं, भाडं नाही. आणि घरात पहारा करणारं कुणी राहत नाही, घर बायाच चालवतात. पुढे त्यांना नोकऱ्या कुणी देईना, तेव्हा 2001 मध्ये त्यांनीच मेणबत्त्या आणि अंगाला लावायची तेलं करायला सुरुवात केली. त्या उद्योगाला नाव दिलं ‘थिसल फार्म्स’. थिसल म्हणजे आपल्या माळरानावरच्या उंटकटाऱ्याच्या गोतातलं झुडूप. अंगभर काटे, फूल जांभळं, मऊ. कुणी लावत नाही, रस्त्याकडेला आपणच उगवतं. लोक त्याला तण म्हणतात, त्यांनी त्याचीच खूण केली.

तिचा देव वेगळा, आपला वेगळा. तिचा हिशोब मात्र आपल्या थोरलीच्या हिशोबाशी जुळतो, दोन वर्षं आणि स्वतःच्या हाताला काम. बिघडायला दहा वर्षं लागलेली सवय महिन्यात कशी जाईल? नुसत्या चातुर्मासालाच आपण चार महिने देतो.

आपल्याकडं हे जड आहे का? पंढरपूर, आळंदी, देहू इथं मठ किती, धर्मशाळा किती! आषाढी-कार्तिकीला पाय ठेवायला जागा नसते आणि बाकीचे महिने खोल्यांना कुलूप असतं. कुलपाची किल्ली ज्यांच्या कंबरेला आहे ते विश्वस्त आज समोर बसलेत, मला दिसतायत. मी अख्खा मठ मागत नाही. एक खोली, दोन जाणत्या बाया आणि जवळच्या डॉक्टरांशी बोलणं, एवढंच मागतो. एक अट मात्र घालतो. तिला व्यासपीठावर उभं करून ‘मी कशी पापी होते’ हे वदवून घ्यायचं नाही. पुरुषाला त्यावर टाळ्या मिळतात, बाईच्या मुलीचं लग्न मोडतं. आणि तिला नामस्मरणाची सक्तीही नको. भाकरी खाताना कानावर पडेल तेवढं पुरे. कान्होपात्रेला तरी गुरू कुठं होता?

आणि आपण सासुरवाशिणीच्या तोंडचं पंढरीला माहेर म्हणतो ना? मग माहेरवाशीण आली की आई आधी काय विचारते? ‘जेवलीस का?’

विणेकरी खूण करतायत, वेळ झाली. ज्या माउलींना कुणासाठी विचारायचं असेल, लेकीसाठी, सुनेसाठी, स्वतःसाठी, त्यांनी काल्यानंतर मंडपाच्या मागे चुलाण्याच्या बाजूला यावं. तिथं दोन बाया बसलेल्या आहेत. तिथं माईक नाही, वही नाही, नाव लिहून घेणार नाहीत. जे हे पुढे छापील वाचतील त्यांच्यासाठी सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, 14446, पैसे पडत नाहीत. आणि भाऊ मंडळी, तुमच्यापैकी कुणाची बहीण आज एखाद्या केंद्रात असेल, तर सुटायची तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी फाटकाशी जाऊन उभे रहा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!