पत्ता फुटला तर



कामगारांत जन्म घालविलेल्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. सभासदांची वही संगणकात गेली, तेव्हा तिची राखण कशी होते हे समजून घेणे आम्हांस भाग पडले.

१९९८ च्या एका संपात आमच्या कमिटीची बैठक रोज नव्या जागी भरे. जागा कोणी फोडली नाही. पण चहावाल्याच्या उधारीच्या चिठ्ठीवर ती लिहिलेली होती. चिठ्ठी मालकाच्या माणसाला सापडली आणि चौघांची नोकरी गेली. माणूस फितूर नव्हता, कागद फितूर झाला.

संगणकातही हेच घडते. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. यंत्राची सारी सत्ता त्याच्या हाती. चोराला त्याच्यावर ताबा मिळवायचा, तर स्मृतीत तो कोठे बसला आहे हे बहुधा आधी कळावे लागते. म्हणून २०१४ मध्ये, यंत्र सुरू होताना दर खेपेस कर्नेलची जागा बदलण्याची सोय आली. पण नेहमीच्या ६४ बिटांच्या यंत्रावर त्याला जागा मिळतात जेमतेम ५१२. शिवाय त्याचा कार्यभाग हलतो तो सगळा एकदम. एक पत्ता कळला की बाकीचे अंतर मोजून काढता येतात.

पत्ते फुटत ते नोंदींतून. दोष शोधण्याच्या सोयीसाठी लिहिणाऱ्यांनीच ते जागोजाग छापले होते. २०११ मध्ये पत्ता झाकून छापण्याची रीत निघाली, पण ती वापरणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. यंत्राच्या पट्ट्याला जाळी बसविणे मर्जीवर सोडले की काय होते, हे बोटे गमावलेल्यांना विचारावे!

२०१७ मध्ये टोबिन हार्डिंग यांनी पर्ल भाषेत एक लहान स्क्रिप्ट लिहिली. ती 'प्रॉक' आणि 'सिस' हे दोन कप्पे व कर्नेलची रोजनिशी चाळते, आणि चार 'एफ'नी सुरू होणारे सोळा अंकी आकडे टिपते. नुसत्या 'एफ'ची रांग म्हणजे पत्ता नव्हे, म्हणून ती वगळते. ही स्क्रिप्ट साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवावी. धन्याला सर्वच दिसते. परक्याला काय दिसते ते त्याला कसे कळणार? कारखाना तपासायचा तो मॅनेजरच्या खुर्चीतून नव्हे, खात्यात उभे राहून.

जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीत रीत उलटली. साध्या रीतीने छापलेल्या पत्त्याच्या जागी आपोआप निराळाच आकडा येऊ लागला. खरा पत्ता छापायचा त्याने तसे वेगळ्या खुणेने लिहावे. ती खूण शोधून त्याला जाब विचारता येतो. जाळी आता यंत्राबरोबरच येते.

तरीही तपासणीत काही सापडले नाही म्हणजे गळती नाही, असे समजू नये. स्क्रिप्ट छापील अक्षरे वाचते. वेळ मोजून पत्ता ओळखणारे चोर तिला दिसत नाहीत. म्हणून आम्ही ती एकदा चालवून थांबत नाही, दर महिन्याला चालवितो. आणि चहाचे पैसे रोख देतो.