मीटरभर दगडाची अडचण



गेल्या सभेनंतर चहा घेताना एका काकूंनी मला विचारलं, "ग्रह धुळीतून झाले म्हणतेस, पण ती धूळ एकत्र आणली कोणी?" मी "गुरुत्वाकर्षणानं" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर चुकलं होतं, म्हणून आज हे बोलणं.

तरुण ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. हा आता नुसता तर्क राहिलेला नाही. २०१४ साली चिलीतल्या अल्मा दुर्बिणीनं वृषभ राशीतल्या एचएल टाउरी या ताऱ्याचं चित्र टिपलं. (राशीचं नाव ऐकून कुणी पत्रिका काढू नये!) अंतर सुमारे ४५० प्रकाशवर्षं, वय जेमतेम दहा लाख वर्षं, आणि भोवती ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारखी कडी. २०१८ साली पीडीएस ७० या ताऱ्याच्या तबकडीतल्या पोकळीत तर जन्मणारा ग्रहच दिसला.

सुरुवातीला धुळीचे कण एकमेकांना नुसते चिकटतात, पलंगाखालच्या केरासारखे. खडे होईपर्यंत ठीक, पुढे पंचाईत. वायूला स्वतःच्या दाबाचा आधार असतो, म्हणून तो ताऱ्याभोवती किंचित हळू फिरतो. दगडाला मात्र सतत समोरून वारा लागतो, त्याचा वेग मोडतो आणि तो ताऱ्याकडे घसरत जातो. १९७७ साली वायडनशिलिंग यांनी हिशेब मांडला: पृथ्वीच्या अंतरावरचा मीटरभर दगड शंभरेक वर्षांत सूर्यात पडेल. म्हणजे या हिशेबानं आपण इथं असायलाच नको.

पीएच.डी.च्या काळात माझ्या संगणकातले दगडही असेच पडायचे. एक अख्खा हिवाळा मी प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले. चूक नव्हतीच. त्या जागी "कोणीतरी" असं लिहून टाकलं असतं, तर प्रबंध लवकर संपला असता.

२००५ साली यूडिन आणि गुडमन यांनी एक वाट दाखवली. वायू खड्यांना मागे खेचतो, तसे खडेही वायूला पुढे ओढतात. जिथं खड्यांची गर्दी, तिथं वारा मंदावतो. बाहेरून घसरत आलेले खडे तिथंच अडकतात आणि गर्दी वाढत जाते. शेवटी ती इतकी दाट होते की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं आक्रसून एकदम कित्येक किलोमीटरचा गोळा तयार होतो. मीटरची पायरी लागतच नाही. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान नेपच्यूनपलीकडच्या अॅरोकॉथजवळून गेलं. दोन गोळे अलगद टेकलेले, जोरात आपटल्याची खूण नाही. हे या कल्पनेशी चांगलं जुळतं.

मुळात खडे इतके दाट जमतात कसे, यावर आमची भांडणं अजून चालू आहेत. तर काकू, गुरुत्वाकर्षण येतं ते शेवटी. त्याआधी वारा आणि गर्दी. प्रश्नांसाठी वेळ ठेवलाय, पहिला नंबर तुमचा.