उपास वेगळा, उपासमार वेगळी

आमचा चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. आम्हाला बेळगाव जवळ, कोल्हापूर लांब. इथं पहाटे रस्त्यावर निघालात तर दुधाच्या गाडीआधी पळणारी पोरं भेटतात. कुणाला सैन्यात जायचंय, कुणाला पोलिसात, काहींना अलीकडे मॅरेथॉनचं वेड लागलंय. पोलिस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळायचं असतं. पण तयारीसाठी ही पोरं रोज आठ-दहा किलोमीटर अंतर कापतात.

मी कविता लिहिणारा बी.ए. माणूस, डॉक्टर नव्हे. पण या पोरांचं एक बोलणं मला खुपतं. ती अभिमानानं सांगतात, "चाचा, आम्ही एका कप चहावर पळतो!" उपाशी पळणं ही त्यांना मर्दुमकी वाटते. आज त्याविषयी बोलायचंय.

आपण खाल्लेल्या भात-भाकरीची साखर होते आणि तिचा साठा स्नायूंत आणि यकृतात राहतो. कोठार लहानच. दीड-दोन तास जोरात पळालं की ते रिकामं होत येतं आणि पाय दगडासारखे जड होतात. अंगात चरबी असते, पण ती सावकाश जळते. एखाद्या सकाळी उपाशीपोटी थोडं पळालं म्हणून बिघडत नाही. बिघडतं ते रोजच कष्टापेक्षा कमी खाल्ल्यानं. मग शरीर काटकसर सुरू करतं. हाडं ठिसूळ होतात, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते, सर्दी-ताप हटत नाही. मुलींची पाळी लांबते किंवा थांबते. पुष्कळ मुलींना ती सोय वाटते. खरं तर तो धोक्याचा इशारा असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 साली खेळाडूंच्या या दुखण्याला स्वतंत्र नाव दिलं आणि ते मुलांनाही होतं हे सांगितलं.

त्यात रक्ताची कमतरता. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 100 पैकी 54 बायकांत रक्त कमी आहे. रक्त कमी म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी. मग कितीही सराव करा, दम लागणारच. अशा मुलीला "आळशी" म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्या. जेवताना लिंबू पिळावं, आणि चहा जेवणापासून तासभर तरी लांब ठेवावा. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

मग खायचं काय? पोरं तालुक्याच्या दुकानातून पावडरीचे महागडे डबे आणतात. पण आमच्या मातीत काय पिकतं ते बघा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. उकडलेलं रताळं हे पळणाऱ्याचं उत्तम इंधन. पळण्याआधी अर्ध्या-पाऊण तासानं एखादं केळं किंवा गुळाचा खडा पुरतो. पळून आल्यावर पोहे, भाकरी-उसळ, अंडी. 55 किलो वजनाच्या मुलाला दिवसाला 65-70 ग्रॅम तरी प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. बाकीची डाळ, शेंगदाणे, दूध, सुकी मासळी यांतून भरून निघतात.

पाण्याचंही असंच. पूर्वी शर्यतीत पाणी पिणं कमजोरीचं मानत. 1904 च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत पाणी नाकारलं आणि ब्रँडीबरोबर चक्क कुचल्याचं विष पाजलं! माणूस वाचला हे नशीब. आता उलटा अतिरेक दिसतो. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात मीठ कमी झालेलं आढळलं. वाटेत जास्त पाणी प्यायल्यानं वजन वाढलेल्यांना हा धोका अधिक होता. म्हणून तहानेप्रमाणे प्यावं. लांब पळणं असेल आणि घाम फार जात असेल तर लिंबू, मीठ, साखर घातलेलं सरबत प्यावं.

रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातली पोरं विचारतात, रोजा ठेवून सराव कसा करायचा? मी सांगतो, जोराचा सराव इफ्तारनंतर दोन तासांनी. दिवसा पळायचंच तर इफ्तारच्या थोडं आधी आणि हलकं. सहेरीला नाचणीची भाकरी, अंडी, दही. पाणी रात्रभरात थोडं थोडं विभागून. चक्कर आली तर थांबायचं. आजाऱ्याला आणि प्रवाशाला राहिलेले रोजे नंतर पुरे करण्याची मुभा धर्मानंच दिली आहे. एकादशी, श्रावण पाळणाऱ्या पोरांनाही हिशेब हाच. उपासाला वेळ असते, हेतू असतो, आणि शेवटी भरलेलं ताट असतं. उपासमारीला यातलं काहीच नसतं.

आणि भरती म्हणजे काही शेवट नव्हे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतर धावपटू म्हणून घडला आणि 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला. अंग भरतीआधीच झिजवून टाकलं तर पुढचं पळणं कोण पळणार?

खरी गोष्ट अशी, की चहावर पळणारी सगळीच पोरं हौसेनं उपाशी नसतात. आई पहाटे उठून काजूच्या कारखान्यात जायची तयारी करते, चुलीवर पहिलं चढतं ते चहाचं आधण. म्हणून माझी विनंती गावाला आहे. तालमीनं, मंडळानं, ग्रामपंचायतीनं मैदानाच्या कडेला पाण्याची एक घागर, डबाभर गूळ-शेंगदाणे आणि हंगामात उकडलेली रताळी ठेवावीत. वर्गणी काढून आपण मोठमोठ्या जत्रा करतो. हा खर्च त्यापुढं काहीच नाही.