मनाचे दुखणे आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



शिक्षण व विवाह या विषयांवर या व्यासपीठावरून दरवर्षी पुष्कळ बोलले जाते. आज मी अशा दुखण्याविषयी बोलणार आहे की, ज्याची वाच्यता आपण उंबरठ्याबाहेर होऊ देत नाही. ते दुखणे मनाचे.

तरुण मुलाची झोप उडते, तो एकटाच पुटपुटतो. अथवा घरचा कर्ता नापिकीने खचून अबोल होतो, ‘आता जगून काय करायचे’ असे उद्गार काढतो. अशा वेळी आपल्याला प्रथम देवऋषी आठवतो. अंगारे, उतारे आणि नवस यांत वर्ष निघून जाते. दुखणे जुने होते आणि कर्ज वाढते. एवढी लपवाछपवी कशासाठी? तर मुलामुलींची लग्ने अडतील म्हणून! परंतु लपविलेले दुखणे लग्नानंतर प्रकट झाले, म्हणजे एका घराऐवजी दोन घरे होरपळतात.

मानसोपचार म्हटला की, १८६४ साली स्थापन झालेले नागपूरचे मनोरुग्णालय आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः बहुसंख्य रुग्णांना कोठेही दाखल व्हावे लागत नाही. घरी राहून, औषध घेऊन ते आपला संसार करू शकतात.

मग जावे कोठे? प्रथम उमरखेडच्या सरकारी दवाखान्यात दाखवून चिठ्ठी घ्यावी. पुढे यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पैनगंगेपलीकडे नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर आपल्याला अधिक जवळ. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले असून, वैद्यकीय महाविद्यालयांतील खर्चही खाजगी दवाखान्याच्या मानाने अल्प असतो. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला, तर १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. ‘टेली-मानस’ नावाची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

एक भेद ध्यानी ठेवावा. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध देतो. समुपदेशक बोलून धीर व मार्ग देतो. पुष्कळदा दोघांचीही गरज पडते. औषधाचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटू लागताच ते आपल्या मनाने बंद करणे, हे दुखणे उलटण्याचे एक मोठे कारण आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. रुग्णास साखळदंडाने बांधणे निषिद्ध ठरविले आहे. आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजारास शरीराच्या आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे बंधन घातले आहे.

तरीही खरी अडचण उरतेच. दर महिन्याचे एस. टी. चे भाडे, रुग्णाबरोबर जाणाऱ्याची बुडणारी मजुरी, आणि ‘लोक काय म्हणतील’ ही भीती. पहिल्या दोहोंसाठी मंडळाने एक लहानसा प्रवासनिधी उभारावा, आणि सोबत जाण्यास तोंड बंद ठेवणारे दोन-चार कार्यकर्ते नेमावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. तिसरीवर मात्र निधीचा उपाय नाही. तेथे वधूवरांची स्थळे पाहताना आपण प्रत्येकाने आपली जीभ आवरली पाहिजे, आणि औषध घेऊन बऱ्या असलेल्या मुलाला वा मुलीला मधुमेह असलेल्या माणसाइतकेच सहजपणे वागविले पाहिजे.