उच्चतर माध्यमिक परीक्षेचे प्रमाणपत्र : काही विचार
(मठाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी पाठशाळेच्या अध्यापकाने व्याकरणावर किंवा वेदान्तावर बोलावे, अशी अपेक्षा असणे साहजिक आहे. मी बारावीच्या परीक्षेचा विषय निवडला, याचे कारण आपल्या ओसरीवरच बसलेले आहे. आमचे वरच्या वर्गातील विद्यार्थी संस्कृत मध्यमा परीक्षेस बसतात. गुजरात माध्यमिक व उच्चतर माध्यमिक शिक्षण मंडळ बारावीची जी परीक्षा घेते, तीत विज्ञान प्रवाह, सामान्य प्रवाह आणि उत्तर बुनियादी यांच्याबरोबर मध्यमेचेही नाव असते. तेव्हा या प्रमाणपत्राचे मोल घटले तर ते आमच्या मुलांचेही घटते. परीक्षेचा प्रश्न सरकारी कचेरीचा आहे, मठाचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही.

बडोद्याला तर ती सोय कधीच नव्हती. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व 1906 साली त्याचा कायदा सर्व राज्यास लागू केला. श्रावणमासातील दक्षिणा पूर्वी केवळ जन्मावर मिळत असे. तिला त्यांनी परीक्षेची जोड दिली. 1915 साली येथे संस्कृत महाविद्यालय निघाले. जे दान होते त्याची पारख करावी, हा विचार या नगरीत मुरलेला आहे.

आजच्या बारावीचे कूळ मात्र निराळे. कोठारी आयोगाने (1964–66) दहा अधिक दोन अधिक तीन हा आराखडा सुचविला आणि पुढच्या दशकात गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी तो स्वीकारला. जे वर्ष पूर्वी महाविद्यालयात जात असे ते शाळेत आले. त्यामुळे या परीक्षेच्या कपाळी प्रारंभापासूनच दोन कामे लिहिली गेली : शालेय शिक्षण पुरे झाल्याची साक्ष देणे, आणि पुढील प्रवेशाच्या दारात उमेदवारांची रांग लावणे. ही दोन कामे एकमेकांशी भांडतात. साक्ष देणाऱ्याने विद्यार्थ्याला काय येते हे सांगावयाचे; रांग लावणाऱ्याने तो दुसऱ्यापेक्षा किती पुढे एवढेच पाहावयाचे.

रांगेचे काम आता बव्हंशी दुसऱ्यांनी उचलले आहे. वैद्यकीय प्रवेशाचा क्रम नीट परीक्षेवर ठरतो. बारावीत ठरावीक किमान गुण असले म्हणजे झाले. अभियांत्रिकीसाठी जेईई आहे, गुजकेट आहे. याचा परिणाम आपण डोळ्यांनी पाहतो. मुलगा नावापुरता एका शाळेच्या पटावर असतो आणि दिवसभर शिकवणी-वर्गात बसतो. प्रयोगशाळेचे कुलूप निघते ते प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात. वस्तुतः येथे एक संधी होती. रांगेचे ओझे उतरल्यावर बारावीने साक्षीचे काम मन लावून करावयास हवे होते. तसे झाले नाही. ओझे उतरले आणि त्याबरोबर जबाबदारीही उतरली.

सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. 2011 साली गुजरातमध्ये विज्ञान प्रवाहास सत्रपद्धती लागू झाली. दोन वर्षांत चार परीक्षा. हेतू असा की एकाच परीक्षेची धास्ती कमी व्हावी. परंतु धास्तीचे चार तुकडे केल्याने ती चौपट ठिकाणी पसरते, हा अनुभव पालकांना लवकरच आला आणि काही वर्षांतच ती पद्धती मागे घ्यावी लागली. परीक्षा किती वेळा घ्यावी याचा विचार पुष्कळ झाला. तीत काय विचारावे याचा फारसा झाला नाही. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने वर्षातून दोन संधी असाव्यात असे सुचविले आहे, आणि येथे विज्ञान प्रवाहाच्या विद्यार्थ्यास पूरक परीक्षेत सर्व विषय पुन्हा देऊन त्यांतील चांगला निकाल घेण्याची मुभाही मिळाली आहे. ही मुभा योग्यच आहे. तापाने फणफणलेल्या मुलाचे वर्ष बुडावे यात कोणतेच शास्त्र नाही. तथापि तीच प्रश्नपत्रिका दोनदा दिल्याने ती अधिक शहाणी होत नाही.

आपल्या परंपरेत शलाका-परीक्षा नावाचा एक प्रकार होता. मिथिलेत तो विशेष प्रसिद्ध होता. पोथीच्या पानांत सळई खुपसावयाची, ती ज्या पानाशी पोहोचेल त्या पानावरील मजकूर विद्यार्थ्याने लावून दाखवावयाचा, त्यावरील आक्षेपांचे निरसन करावयाचे. या परीक्षेचे ‘अपेक्षित’ छापता येत नाही. सळईला महत्त्वाचे प्रकरण आणि बिनमहत्त्वाचे प्रकरण हा भेद ठाऊक नसतो. आज बाजारात प्रश्नसंचांच्या थप्प्या लागतात, कारण आमच्या परीक्षेची सळई दरवर्षी त्याच त्या पानांशी थांबते.

यावर कोणी म्हणेल, मग जुनेच परत आणा. मी तसे म्हणणार नाही. जुन्या मौखिक परीक्षेत परीक्षकाला विद्यार्थ्याचे कूळ, गुरू आणि गाव ठाऊक असे, आणि त्याचे तराजू त्या बाजूस झुकत असे. पेशव्यांच्या दक्षिणेत ब्राह्मणेतराला स्थान नव्हते, हे विसरून परंपरेचा गौरव करणे मला प्रशस्त वाटत नाही. बैठक क्रमांकामागे विद्यार्थ्याचे नाव झाकणारी लेखी परीक्षा हा न्यायाच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. छोटाउदेपूरकडील आदिवासी मुलगी आणि अलकापुरीतील वकिलाचा मुलगा यांच्या उत्तरपत्रिका एकाच गठ्ठ्यात जातात, ही गोष्ट लहान नव्हे. जेथे गुण शाळेच्या हाती दिले तेथे ते कसे मुक्तहस्ते वाटले जातात, हे आपण जाणतो. 2021 साली महामारीमुळे बारावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा निकालात निम्मा वाटा दहावीच्या गुणांचा धरण्यात आला. दोन वर्षांत मूल काय शिकले याची विश्वासार्ह नोंद दुसरीकडे कोठेच नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, लेखी परीक्षा राहावी, क्रमांकाचा पडदा राहावा. परंतु प्रत्येक विषयात थोडे गुण मौखिक परीक्षेस असावेत, परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातील असावा, आणि प्रश्न चिठ्ठी टाकून निघावा. यास खर्च येईल, शिक्षक कमी पडतील. पहिल्या वर्षी एक-दोन विषयांपुरतेच करावे. प्रमाणपत्रावर केवळ एकूण गुण व शततमक न छापता, विद्यार्थ्याने कोणता प्रयोग स्वतः केला, कोणता ग्रंथ लावून दाखवला, हेही लिहावे.

मध्यमेच्या बाबतीत एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. संस्कृताचे रक्षण व्हावे म्हणून आमची परीक्षा सोपी ठेवावी, अशी मागणी कधी कधी आपल्याच मंडळींकडून होते. तिला माझा विरोध आहे. सवलतीने मिळालेले प्रमाणपत्र घेऊन मुलगा महाविद्यालयाच्या खिडकीशी जातो, तेव्हा कारकुनाच्या भुवया जे बोलतात ते मुलालाच ऐकावे लागते. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त दोन नाट्याचार्यांचा वाद शिष्यांच्या प्रयोगावरून निवडावयास लावला आहे. या न्यायाने मध्यमेत आमचीच परीक्षा असते, आणि ती कठीण असलेलीच बरी.

येत्या श्रावणात पाठशाळेत शलाका-परीक्षा घ्यावी, अशी विनंती मी श्रीगुरुमहाराजांपुढे ठेवली आहे. ती केवळ आमच्या विद्यार्थ्यांची नसावी. शहरातील मराठी व गुजराती शाळांच्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी संस्कृताचे किंवा भौतिकशास्त्राचे आपले क्रमिक पुस्तक घेऊन यावे, परीक्षक बाहेरगावचे असावेत, आणि नावाऐवजी क्रमांक असावा. ज्या अध्यापकांना परीक्षक म्हणून यावयाचे असेल त्यांनी सभेनंतर ग्रंथालयात मला भेटावे.